बोडीपाऱ्याची सातवी ओळ

कौस्तुभ सरांनी वर्गाला दोन कामं दिली. पहिलं काम: ऑनलाइन विश्वकोशावर आपलं खातं उघडायचं आणि तिथे आपल्या नावाचं जे पान मिळते, त्यावर साठ शब्दांत स्वतःची ओळख लिहायची. दुसरं काम: कोणताही एक लेख निवडायचा आणि तपासायचा. प्रत्येक माहितीला स्रोत आहे का, लेख कुणाची बाजू घेतो का, काही राहून गेलं आहे का. दोन्ही मिळून वीस मार्क.

सरांना जे द्यायचं ते मी हिंदीत देऊन टाकलं आहे. हे त्यात नाही. हे मी मराठीत लिहून राहिली आहे, कारण माझी आई दिवसभर हिंदी बोलते पण वाचते फक्त मराठी. आमगावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकली तेवढीच. तिच्याच जुन्या पुस्तकावरून मी वाचायला शिकली, शाळेत कधी मराठी नव्हतं. तेव्हा माझ्या चुका सापडल्या तर सापडू द्या. ज्या चुकीबद्दल मी लिहिते आहे त्यापुढे माझ्या काहीच नाहीत.

ओळखीत मी पहिल्यांदा लिहिलं: मी मोना, भिलाईला राहते, दुर्गच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला वाचायला आवडते. बस. बावीस वर्षांच्या पोरीची ओळख चार तुकड्यांत संपली. तेव्हा मला त्यात काही कमी वाटलं नाही, हे कबूल करते.

लेख निवडताना एकानं क्रिकेटवाला घेतला, बाकीच्यांनी किल्ले घेतले, धबधबे घेतले. मी गंमत म्हणून आमच्या पाऱ्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव टाकलं. बोडीपारा. जामुलच्या रस्त्याला लागून पन्नास-साठ घरं, त्यातली अर्धी आमची, म्हणजे भंडारा-गोंदियाकडून आलेल्यांची. बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तलाव. लेख असेल असं स्वप्नातही नव्हतं. होता. अकरा ओळींचा, हिंदीत.

सहा ओळी बरोबर होत्या. कुठे आहे, किती घरं, कोणते लोक. सातवी ओळ मराठीत सांगायची तर अशी: सन २००४च्या उन्हाळ्यात येथील तलाव चौदा बालमजुरांकडून एक्केचाळीस दिवस खणून घेण्यात आला, हजेरीच्या वहीत गुड्डू, मोना, रूपेश, निशा इत्यादी मुलांची नावं आढळतात.

मोना म्हणजे मी. पाऱ्यात दुसरी मोना नाही. त्या उन्हाळ्यात मी आठ महिन्यांची होती.

आधी मी हसली. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. कारण ती बोडी कोणी खणली हे मला माहीत आहे. आमच्या पाऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या वर्षी हातपंप सुकला. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही मेन रोडवर. पुरुष सगळे कारखान्यात, मोठी दुरुस्ती चालू होती, दोन-दोन पाळ्या. तेव्हा चौदा बाया सकाळची कामं उरकून, जिथे आज बोडी आहे त्या खड्ड्यात उतरल्या. कुदळ, पावडा, घमेलं. माझी आई वच्छला त्यांतली सगळ्यात लहान. मला बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत टाकायची आणि माती उचलायची. एक्केचाळीस दिवस. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कोणी लावलं नव्हतं, कोणी काही देणारही नव्हतं.

वही ठेवली पुंडलिकनं. म्हणजे माझे मोठेबाबा, बाबांचे चुलत मोठे भाऊ. रेल्वेत गँगमन होते, त्या उन्हाळ्यात पायाला लागलं म्हणून घरी बसून होते. अक्षर चांगलं. कोणी कामचुकारपणा करू नये म्हणून बायांनीच त्यांना हजेरी ठेवायला सांगितलं.

आता इथे आमच्यातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोठा भाऊ लहान भावाच्या बायकोचं नाव घेत नाही. तीही त्याच्याशी तोंड वर करून बोलत नाही, पदर पुढे ओढते आणि काही सांगायचंच असेल तर पोराला मध्ये घालते. मोठेबाबा पाऱ्यात वयानं सगळ्यात मोठे, सगळे पुरुष त्यांना भाऊ म्हणणारे. म्हणजे चौदाच्या चौदा बायांचे ते भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, एक सोडून, आणि ती एक म्हणजे त्यांची स्वतःची बायको. तिचंही नाव ते घेत नाहीत. ते सगळ्यांना लेकराच्या नावानं ओळखतात. गुड्डूची माय, मोनाची माय, रूपेशची माय. वहीत लिहिताना तेवढंही लिहिलं नाही. नुसतं गुड्डू. नुसतं मोना. पुढे बरोबरची खूण.

पाऱ्यात कोणीही वही उघडली तर त्याला कळते. पण दहा-बारा वर्षांनी कोणत्या तरी संस्थेची माणसं कॅमेरे घेऊन आली, तेव्हा मोठेबाबांनी मोठ्या कौतुकानं ट्रंकेतून वही काढून दाखवली. त्यांनी पानांचे फोटो काढले, चहा पिला आणि गेले. बोडीवर कपडे धूत बसलेल्या एकाही बाईला त्यांनी विचारलं नाही की बाई, हे पोरं कोण. अहवाल छापला. अहवालावरून विश्वकोशात ओळ आली, खाली स्रोत म्हणून त्याच अहवालाचा आकडा. सर म्हणतात ज्याला स्रोत आहे ते खरं धरायचं. धरा.

मी ती ओळ काढून टाकली. वीस मिनिटांत परत आली. कोणीतरी लिहिलं होतं: स्रोत असलेला मजकूर कारण न देता काढू नये. मी कारण दिलं. म्हटलं, ती मोना मीच आहे, मी तेव्हा रांगतही नव्हती. उत्तर आलं: आपला व्यक्तिगत अनुभव स्रोत म्हणून ग्राह्य नाही, प्रकाशित संदर्भ द्यावा. तिसऱ्यांदा काढली तेव्हा मला इशारा मिळाला की खातं बंद होऊ शकते. कौस्तुभ सरांना दाखवलं. ते म्हणाले, छान, मूल्यमापनासाठी उत्तम उदाहरण मिळालं तुला, फक्त भावनेच्या भरात लिहू नकोस.

मी भरातच होती. त्याच दुपारी त्या ओळीचा फोटो काढून पाऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: पहा आपली इज्जत. बोडीपाऱ्यात लेकरांना राबवतात म्हणे.

हा दगड मीच मारला. लागला आईला.

कावून, ते सांगते. पाऱ्यातल्या आंगनवाडीत सहायिकेची जागा निघाली होती. आई सोळा वर्षं स्मृति नगरात दोन घरी स्वयंपाक करते. तिथे ती ‘खानेवाली’. दारावरची घंटी वाजली की आतून आवाज येतो, खानेवाली आई है. ही जागा तिला पाहिजे होती. चव्वेचाळीसच्या आत असावं लागते, आणि येत्या जूनमध्ये तिला चव्वेचाळीस पूर्ण. म्हणजे ही शेवटची. फॉर्म भरला. यादी लागली आणि तिच्यात पहिलं नाव वच्छला. दुसरं नीतूचं. आईनं यादीसमोर उभं राहून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं होतं, मी पाहिलं. मला म्हणाली, “छापलं बरोबर आहे ना?” बाकी काही नाही.

यादी लागली की सात दिवस दावा-आपत्ती. कोणाला काही हरकत असेल तर लिहून द्यायची. नीतूचा नवरा कमलेश चॉइस सेंटर चालवतो. दाखले, फॉर्म, प्रिंट, सगळं तिथेच. आईचा फॉर्मही त्यानंच भरला होता. तो आमच्या ग्रुपवर आहे. माझा फोटो बघितला, लेख उघडला, प्रिंट काढली आणि हरकत टाकली: या महिलेनं स्वतःच्या मुलीसह बालकांकडून मजुरी करवून घेतली, असा ऑनलाइन नोंदीचा पुरावा आहे, अशा महिलेच्या हाती लहान मुलं देऊ नयेत.

मी सेंटरवर गेली. म्हटलं, भाऊ, तुम्ही स्वतः त्या बोडीत पोहायला शिकले, कोणी खणली माहीत नाही का तुम्हाला? कमलेशनं मान वर न करता कीबोर्ड साफ करणं चालू ठेवलं. “बुरा मत मान मोना. मैंने थोड़ी लिखा है, इंटरनेट पे है. और ग्रुप में डाला किसने?”

मी सेंटरमधून निघून आली.

दुर्गच्या आंगनवाडी कार्यालयात मॅडम सभ्य होत्या. मी माझी दहावीची गुणपत्रिका ठेवली, जन्मतारीख दाखवली. त्या म्हणाल्या, मोना नावाच्या दहा मुली असतात. वहीत जे नाव आहे ते कोणाचं, हे वही लिहिणाऱ्यानं शपथपत्रावर लिहून द्यावं, मग मी हरकत काढून टाकते. सोमवारपर्यंत. तेव्हा मंगळवार होता. आई माझ्या मागे उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून. परत येताना बसमध्ये ती एकच बोलली.

“मले नोकरी नाई भेटली तं चालन. पण लेकरं राबवली म्हणते तो कागद. तुले मी झोळीत ठेवत होतो, सावलीत. ते काढ तू कागदावरून. माह्यं नाव कुठं टाकू नको, ते फक्त काढ.”

संध्याकाळी मी मोठेबाबांकडे गेली. आई सोबत आली, पण दाराबाहेरच थांबली, पडद्याच्या आड. मोठेबाबा तखतावर बसून होते. रेल्वेची हिरवी झेंडी अजून त्यांच्या खुंटीला लटकलेली असते. वही त्यांनी आधीच काढून ठेवली होती, त्यांना सगळी खबर होती.

“मोठेबाबा, इथं मोना लिवलं आहे. हे कोण?”

“तुही माय.”

“मग तसं लिहून द्या स्टँपवर.”

“देतो ना. त्यात काय. मोना म्हणजे मोनाची माय.”

“नाव पाहिजे त्यांना. मायचं नाव.”

ते भिंतीकडे पाहू लागले. मग म्हणाले की लहान भावाच्या बायकोचं नाव घेत नसतात, हे मला कोणी शिकवलं नाही का. मी म्हटलं, शिकवलं, आणि त्याच शिकवणीपायी तुम्ही चौदा बायांच्या जागी चौदा लेकरं कामाला लावली. निदान ‘ची माय’ तरी लिहायचं.

“रोज चौदा डाव ‘ची माय’ कोण लिहीन?” ते म्हणाले. “वही चाळीस पानांची होती.”

ऐका. वही चाळीस पानांची होती. कागद वाचवायला त्यांनी बाया गाळल्या आणि लेकरं ठेवली. मी त्यांना बरंच बोलली. सगळं इथे लिहीत नाही, आई वाचणार आहे. ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते हळू आवाजात सांगत राहिले की बायांसाठी रोज पाण्याचा माठ तेच भरून ठेवायचे, दुखऱ्या पायानं, त्या घमेलं घेऊन समोरून गेल्या की ते मान खाली घालायचे. “मान ठेवला म्हणून नाव नाई घेतलं, पोरी. आता कोर्टात जाऊन घेऊ का, परक्या माणसासमोर?”

मी म्हटलं, असा मान काय कामाचा, ज्यात माणूसच दिसत नाही. मी वही उचलली आणि निघाली.

बाहेर आल्यावर आईनं मला तिथेच रस्त्यात धरलं. मोठ्यांशी अशी जीभ चालवतात का. दोन घरी भांडी वाजतात तशी तू वाजते. आणि ते ग्रुपवर कोणी टाकलं होतं, पुंडलिक भाऊजींनी की तू? ती पुढे चालत गेली, मी मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मृति नगरला जायच्या आधी माझ्या वहीतून एक कोरं पान फाडून मागितलं, पेन मागितला, आणि मोठेबाबांच्या वहीतली चौदा नावं डाव्या बाजूला एकाखाली एक उतरवून घेतली. गुड्डू. मोना. रूपेश. निशा. प्रितम. उजवी बाजू कोरी. मोनाच्या समोरही तिनं काही लिहिलं नाही.

“आता हे काय?” मी विचारलं.

“मले तरी कुठं माहीत आहे,” ती म्हणाली. “मीई निशाची माय म्हणतो. वीस वर्षं झाली. इचारून येतो.”

हे ऐकून माझा राग थोडा वेळ कुठे ठेवावा ते मला कळलं नाही. मोठेबाबांना मी जे बोलली ते अर्धं आईलाही लागू होतं, आणि मलाही, कारण मलाही कोणाचं नाव माहीत नव्हतं.

दोन दिवस ती घरोघर हिंडली. निशाची माय दारात तांदूळ निवडत होती, तिला नाव विचारलं तर इतकी हसली की सूप कलंडलं. म्हणाली, का वं, माह्यं लग्न लावून राहिली का दुसऱ्यांदा? मग म्हणाली, सयत्रा. दुर्गाची माय सेक्टरमध्ये लेकीकडे राहायला गेली होती, तिला फोन लावला. तिनं आधी विचारलं की कोणत्या कागदासाठी पाहिजे, आधार की राशन, कारण दोन्हीवर वेगवेगळं आहे. प्रितमची माय तीन वर्षांपूर्वी वारली. प्रितमच्या बायकोनं सांगितलं की सासूबाईंचं नाव मलाही त्यांच्या तेरवीच्या पत्रिकेवर पहिल्यांदा दिसलं. कपाट उघडून तिनं ती पत्रिका शोधून आणली. धुरपता.

रूपेशचं घर राहिलं. ते लोक दोन हजार सहालाच वडशाकडे परत गेले. रूपेशची माय सगळ्यांना आठवत होती. उंच होती, दोन घमेली एकावर एक घ्यायची, नाकात नथ नव्हती, काडी घालायची, गाणं म्हणता म्हणता मध्येच शिवी घालायची. सगळं आठवत होतं. नाव कोणालाच नाही. आईनं बाकीची बारा घरं दोन-दोनदा विचारली.

गुड्डूची माय म्हणजे मोठेबाबांची बायको, माझी मोठीमाय. आई तिच्याकडे सगळ्यात शेवटी गेली. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. मोठीमायनं नाव सांगितलं, पुस्तकला, आणि विचारलं की हा बुढा तयार झाला का. आई म्हणाली, नाही. त्या दिवसापासून मोठीमायनं स्वयंपाक केला, झाकून ठेवला, आणि वाढला नाही. मोठेबाबांनी मागितला तर ती म्हणायची, कोणाले मागून राहिले? नाव घ्या, मंग उठतो.

रविवारी दुपारी मोठेबाबांचा निरोप आला की उद्या सकाळी आठला जाऊ.

सोमवारी ते पांढरा शर्ट घालून बसस्टॉपवर आमच्या आधी उभे होते. बसमध्ये ते पुढे बसले, आई मागे, मी मध्ये. दुर्गला कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाल्यांच्या टपऱ्या आहेत. एकाकडे गेलो. आता टाइपरायटर नाही, कॉम्प्युटर आहे, पण माणूस तसाच, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यानं मोठेबाबांचं नाव, बापाचं नाव, वय, पत्ता फटाफट टाकलं. मी वही दाखवली, प्रकरण सांगितलं. त्यानं मान हलवली आणि स्टुलावर बसलेल्या मोठेबाबांना विचारलं, “हाँ दादा, मोना मतलब कौन?”

“इसकी माँ,” माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

“माँ का नाम?”

ते आपल्या चपलांकडे पाहत राहिले. मागे दोन माणसं रांगेत होती. एक जण घड्याळ पाहत होता. मी तोंड उघडलं तर टायपिंगवाल्यानं हात वर केला. “तुम मत बोलो बेटी. शपथ इनकी है, इन्हीं के मुँह से आएगा. अंदर वकील साहब भी यही पूछेंगे. दादा, देरी हो रही है.”

मला वाटलं उठतात आता. खरंच उठू लागले, गुडघ्यावर हात टेकला.

आई तीन पावलं मागे उभी होती, भिंतीला लागून, पदर कपाळाखाली ओढलेला. ती पुढे आली. माझ्या बाजूनं नाही, सरळ त्यांच्या समोर. पदर डोक्यावरच होता, पण तोंड उघडं होतं. माझ्या जन्मात मी तिला त्यांच्या समोर असं उभं पाहिलं नव्हतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “एक्केचाळीस दिवस तुमच्या समोरून माती नेली मी. माह्यं नाव वच्छला आहे. घ्या आता.”

ते पुन्हा बसले.

“वच्छला,” ते पुटपुटले. मग रुळावर ओरडायचे तसे, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं: “लिखो. मोना मतलब वच्छला.”

टायपिंगवाल्यानं टाइप केलं, म्हणाला, हो गया, प्रिंट देऊ का. कार्यालयाला तेवढंच पाहिजे होतं. आईनं पिशवीतून तो फाडलेला कागद काढून मोठेबाबांच्या हातात दिला. एक जागा सोडून उजवी बाजू भरली होती. मोनाच्या समोरही आता लिहिलं होतं, कधी लिहिलं मला माहीत नाही.

“एकीचं नाई,” ती म्हणाली. “सगळ्यांचे.”

मला नाव कुठं टाकू नको म्हणणारी हीच बाई.

मोठेबाबांनी वाचलं. निशा मतलब सयत्रा. प्रितम मतलब धुरपता. शुभम मतलब रायवंता. वरचा गुड्डू त्यांनी आधी वगळला होता, त्यावर आले तेव्हा थांबले, आणि त्या वयातही लाजले, मी पाहिलं. मग पुस्तकला म्हणाले. शेवटी राहिला रूपेश. तिथे कोरं होतं. टायपिंगवाल्यानं वर पाहिलं. “रूपेश मतलब?”

मोठेबाबांनी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे.

“रूपेश की माता, ऐसा ही डाल दूँ?”

“डाल दो,” मोठेबाबा म्हणाले. “चांगली मजबूत बाई होती.” हे शेवटचं ते मराठीत म्हणाले, त्यामुळे शपथपत्रात आलं नाही.

त्याच दुपारी शपथपत्र मॅडमना दिलं आणि त्यांनी हरकत काढून टाकली. पंधरा दिवसांनी आई आंगनवाडीत लागली. नियुक्तीच्या कागदाची प्रिंट काढायला कमलेशच्याच सेंटरवर जावं लागलं. त्यानं बधाई दिली, आणि आईनं ती घेतली, मी नसती घेतली. मोठेबाबांना आता जेवण वाढलं जाते. ते मोठीमायला अजूनही गुड्डूची मायच म्हणतात. एका दिवसात कोणी बदलत नाही.

आणि लेख? मी शपथपत्र स्कॅन करून चर्चेच्या पानावर टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं. शपथपत्र हे अप्रकाशित खाजगी कागदपत्र आहे, अहवाल हा प्रकाशित स्रोत आहे. सातवी ओळ जशीच्या तशी आहे. आत्ता उघडून पहा, मी अजूनही खणून राहिली आहे तिथे, आठ महिन्यांची. ज्यानं नोटरीसमोर शपथ घेऊन सांगितलं त्याचं खोटं, आणि जे चहा पिऊन फोटो काढून गेले त्यांचं खरं. सरांच्या तीन प्रश्नांची उत्तरं मी दिली. स्रोत आहे का: आहे, म्हणूनच चूक आहे. बाजू घेतो का: घेतो, ज्याच्याकडे छापखाना आहे त्याची. काही राहून गेलं का: चौदा बाया. सरांनी वीसपैकी बारा दिले. शेरा: मुद्दे चांगले, भाषा आक्रमक.

पण पहिल्या कामात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. लेखात स्रोत लागतो. ओळखीच्या पानावर लागत नाही. तिथे मी कोण, हे मी म्हणेन तेच. तेव्हा मी ती जुनी चार तुकड्यांची ओळख पुसली आणि नवीन लिहिली. साठ शब्दांपेक्षा जास्त झाली, त्याचेही मार्क कापले असतील तर कापू द्या.

मी मोना. वच्छलाची मुलगी. माझ्या पाऱ्यातली बोडी २००४ साली यांनी खणली: वच्छला, पुस्तकला, सयत्रा, धुरपता, रायवंता, अंतकला, गयाबाई, शकुन, देवकन, भागरता, तुळसा, इंदू, फुलवंता आणि रूपेशची आई.

शेवटचं नाव मला अजून मिळालं नाही. उंच बाई, नाकात काडी, वडशाकडची. कोणाला माहीत असेल तर कळवा. स्रोत मागणार नाही.